मणक्यातली फट

पाच महिने ते गृहस्थ आठवड्यातून तीनदा माझ्यासमोरच्या टेबलावर आडवे होत होते आणि पाच महिने मी त्यांना तेच विचारत होते, "दादा, घरी व्यायाम केलेत का?" ते छताकडे बघत म्हणायचे, "केलं की." केलेले नाहीत हे त्या दोन शब्दांच्या सुरावरूनच कळायचं.

आणीबाणी उठून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. मी चोवीस वर्षांची होते. फिजिओथेरपी शिकून आले होते, पण ते नेमकं काय असतं हे लोकांना समजावून सांगण्यातच निम्मं आयुष्य जाणार अशी लक्षणं दिसत होती. वडिलांच्या मित्रांना वाटायचं की मुलगी मालिश शिकली आहे. चिंचवडला कामगारांच्या एका दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तिथल्या थोरल्या डॉक्टरांनाही साधारण तसंच वाटत असावं. त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाची खोली दिली. आधी तिथे मोडक्या खाटा ठेवत असत. आता तिथे शेक देण्याचं एक विजेचं मशीन, कमरेला पट्टा बांधून वजनं लावायचं एक टेबल, दोन चटया आणि मी.

बाहेरच्या बाकावर पहिली शिफ्ट सुटली की माणसं येऊन बसायची. बहुतेक सगळी कंबरवाली. बोट चेमटलेला माणूस आला की त्याला पळत आत नेत. कंबरवाला बाकावर बसून राही, कारण कमरेतून रक्त येत नाही. आणि बसून बसून तो माझ्यापर्यंत पोचेतो इतका वैतागलेला असे की पहिली दहा मिनिटं त्याचं ऐकण्यातच जात. मीही वैतागलेलीच असायचे. पुण्याहून दोन बस बदलून यावं लागे आणि मशीन दिवसाआड बिघडायचं.

हे दादा तळवड्याचे. बेचाळिशीचे, जुन्या शेतकरी घरातले. घरात कंपनीची नोकरी धरणारे ते पहिलेच. बारा वर्षं प्रेसवर होते. लोखंडी पत्रे उचलायचे, मशीनखाली सरकवायचे, दाबून निघालेला भाग पलीकडच्या पेटीत टाकायचा, की पुन्हा पुढचा पत्रा. आमच्याकडे सगळे त्यांना प्रेसवाले दादा म्हणत. येताना ते सायकलवर येत. आले की डोक्यावरची टोपी काढून स्टुलावर ठेवत आणि टोपीखाली खाकी कागदाचं एक मोठं पाकीट ठेवत. त्यात त्यांच्या कमरेचा एक्स-रे असायचा.

"हा दर वेळी आणायची गरज नाही," मी एकदा म्हटलं.

"असू द्या," ते म्हणाले.

का आणता, असं मी विचारलं नाही. बाहेर अकरा माणसं बसलेली होती.

शेक त्यांना फार आवडायचा. मशीनची घंटा वाजली की म्हणायचे, "बाई, धा मिंटं आजून ठिवा की. लई बरं वाटतंय." मग व्यायामाची वेळ आली की माणूस बदलायचा. उताणं झोपून दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, एवढा साधा व्यायाम. दादा गुडघे अर्ध्यापर्यंत आणायचे आणि थांबायचे. तिथून पुढे त्यांचं सगळं अंग लाकडासारखं कडक व्हायचं. मी हाताने जरा दाबलं की टेबलाची कड अशी धरायचे की बोटांची पेरं पांढरी पडायची.

"पोटाशी आणा, दादा."

"येत न्हाई."

"प्रयत्न तर करा."

"करतुय की."

करत नव्हते. मला दिसत होतं. दुखण्याने थांबलेला माणूस वेगळा दिसतो, आणि हे दुखायच्या आधीच थांबायचे. मी त्यांच्या कागदावर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहिलं आणि खाली रेघ मारली.

त्यांना तेव्हा हलकं काम मिळालेलं होतं, म्हणजे प्रेसवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं होतं. कंपनीला ते फार काळ नको होतं. थोरल्या डॉक्टरांना फोन येत. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं.

"हा तळवड्याचा माणूस रोज सायकलवर येतो," ते म्हणाले. "सायकल मारता येते आणि वाकता येत नाही? मला दोन ओळी लिहून द्या. वाकतो की नाही, एवढंच."

"तपासताना वाकत नाहीत ते."

"तपासताना कोण वाकेल? बोलण्याच्या भरात असला की काहीतरी खाली पाडा. खरं काय ते दिसतं."

मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला ती युक्ती पटली. पाच महिन्यांचा राग होता माझ्यात. या माणसाला एकदा रंगेहाथ पकडावं असंच मला वाटत होतं.

बुधवारी दादा शेक घेऊन स्टुलावर बसले होते. मी समोर वहीत लिहीत होते. कांद्याची रोपं लावून झाली का, असं काहीसं मी विचारलं आणि ते सांगू लागले की बायको आणि भावजय लावतायत, यंदा रोप जरा उशिरा झालं. ते बोलत असताना मी पेन सोडलं. ते घरंगळत त्यांच्या पायाशी गेलं.

दादा बोलायचे थांबले. त्यांनी पेनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी एका हाताने टेबल धरलं, पाठ फळीसारखी ताठ ठेवून हळूहळू एक गुडघा जमिनीला टेकवला, चाचपडत पेन उचललं आणि तसेच वर आले. ओठांच्या वर घामाचे थेंब आले होते.

"घ्या, बाई," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'रुग्ण जमिनीवरची वस्तू उचलू शकतो.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे मला त्याचाच जास्त त्रास झाला. खोटं लिहिलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

आठ दिवसांत दादांना फिट ठरवलं गेलं आणि प्रेसवर पाठवलं गेलं. त्यांचं येणं थांबलं. मला हायसं वाटलं हेही सांगून टाकते. बाकावरचा एक माणूस कमी झाला होता.

तीन आठवड्यांनी त्यांना कंपनीच्या टेम्पोतून आणलं. दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते उतरले. वरचं अंग एका बाजूला कललेलं, एक पाय टेकवता येत नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आठवडाभर झोपून राहायला सांगितलं. नवव्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, या वेळी बायकोबरोबर, कुणाच्या तरी मोटारीतून. टेबलावर आडवे झाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी मशीन लावलं. 'आजून धा मिंटं' वगैरे काही नाही. घंटा वाजली तरी हलले नाहीत.

बोलत होत्या त्या वहिनी. त्यांचं माझ्याहून जास्त डोकं फिरलेलं होतं.

"बाई, यास्नी तुमी तरी सांगा. दीड वरीस झालं, ह्यांनी जमिनीवरचा तांब्या उचलला न्हाई. म्हशीच्या धारा मी काढती, रानात पान्याची दारं मी धरती. पायातली चप्पल सुदिक मी सरळ करून देती. काय म्हनलं की म्हनत्यात, मी वाकलो तर मोडंल."

"काय मोडेल?"

"मणका. मणक्यात फट हाय म्हनं. वाकलं की फट वाढती. एक दिवस दोन तुकडं व्हनार आन् मग हातरुणातच. ह्यांचा चुलता तसा पडला व्हता की, बैलगाडीवरनं. सात वरीस खाटंवर. ह्यांनीच केलं त्याचं समदं."

मी दादांकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "डाक्टरनीच सांगितलंय. गॅप हाय म्हनून."

पाच महिने. मी त्या माणसाचे गुडघे पोटाशी ढकलत होते आणि त्याच्या मते त्या प्रत्येक ढकलण्याने त्याच्या पाठीचा कणा मधोमध फाकत होता. तरीही तो आठवड्यातून तीनदा येत होता. आणि मी रेघा मारून लिहीत होते की सहकार्य करत नाही.

"पाकीट आणलंय का?" मी विचारलं.

वहिनींनी पिशवीतून काढून दिलं. मी एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला. दादांनी अखेर मान वळवली आणि बोट दाखवलं. "ही काय. ही फट."

ते दोन मणक्यांमधल्या काळ्या पट्टीकडे बोट दाखवत होते. मऊ चकती असते तिथे. एक्स-रेत ती दिसत नाही, म्हणून जागा रिकामी वाटते. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक मणक्याखाली ती असते. दादांच्या एक्स-रेबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की शेवटच्या दोन मणक्यांमधलं अंतर जरा कमी झालं आहे. कुणीतरी घाईत 'गॅप कमी झालाय' म्हणालं असणार, आणि यांनी त्यातला 'गॅप' तेवढा घरी नेला.

मी दवाखान्यातल्या मावशींना पाठवून एक्स-रेच्या खोलीतून जुने चार एक्स-रे मागवून घेतले. एकेक काचेवर लावला.

"यात फट दिसते का?"

"दिसती."

"यात?"

"ह्यात तर लई मोठी हाय."

"हा माणूस पोटाच्या दुखण्यासाठी आला होता. त्याची कंबर कधी दुखलेलीच नाही."

दादा उठून बसले. चारही एक्स-रे त्यांनी पुन्हा बघितले, हातात घेऊन, उलटे धरून. बाहेरचा बाक कुरकुरायला लागला होता.

"म्हंजी माझी फट ह्यांच्यापरास कमी हाय."

"हो. तेच लिहिलंय यात."

"मंग ती चांगलीच झाली की."

"तसं नाही. म्हणजे वाईटही नाही. वय झालं की थोडी कमी होतेच, बऱ्याच जणांची होते."

"मंग मला का दुखतंय?"

याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. मी स्नायूंचं सांगितलं, बारा वर्षं एकाच बाजूला वळून पत्रे उचलण्याचं सांगितलं, दीड वर्ष पाठ ताठ धरून ठेवण्याचंही सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, "नक्की कशामुळे ते मला पक्कं सांगता येणार नाही, दादा."

"येवढं शिकून?"

"एवढं शिकून."

वहिनी हसल्या. दादा नाही हसले. टोपी घालता घालता ते म्हणाले, "त्या दिशी पेन तुमी मुद्दाम पाडलं."

"हो."

"मला कळलं व्हतं."

"मग उचललंत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की असला प्रश्न मी विचारूच कशी शकते. "तुमी बाईमाणूस. लिवत बसलेल्या. मी रिकामा. तुमाला वाकाय लावू का?"

मी म्हटलं, "माझं चुकलं." त्यांनी टोपी नीट केली. वहिनींना काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही.

त्याच दुपारी मी डॉक्टरांकडे नवा कागद घेऊन गेले. त्यात लिहिलं होतं की आधीचा शेरा योग्य तपासणी करून दिलेला नव्हता, रुग्णाला आणखी तीन महिने हलकं काम द्यावं.

"एकदा लिहून दिलेलं असं बदलता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"बदलत नाही मी. दुसरं लिहून देते आहे."

"कंपनी विचारेल की आधीचं खरं की हे."

"दोन्ही खरी आहेत. उचलू शकतात. उचलून काय होतं तेही आता आपण बघितलं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते दुष्ट नव्हते. सकाळपासून शंभरएक माणसं तपासून थकलेले होते. "तुमच्या खोलीत बसून तुम्हाला सगळ्यांचा पुळका येतो," ते म्हणाले आणि सही केली. नंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत.

दादांना हलकं काम मिळालं. गोष्ट इथे सरळ व्हायला हवी होती. झाली नाही. या वेळी त्यांना स्टोअरमध्ये एका स्टुलावर बसवलं. आठ तास बसून नट-बोल्ट वेगळे करायचे. दुसऱ्या आठवड्यात दादा माझ्याकडे आले ते तणतणत.

"बाई, ह्ये कुणी सांगितलंवतं?"

"मीच."

"बसून बसून कंबर लाकूड झाली. परेस बरी की. निदान हालचाल व्हती."

मी कपाळाला हात लावला. ज्या कामासाठी मी डॉक्टरांशी भांडले होते ते काम त्यांना नको होतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग आमचं दोघांचं बसून ठरलं की दर अर्ध्या तासाने उठून स्टोअरच्या दारापर्यंत जाऊन यायचं. स्टोअरकीपरने त्याला हरकत घेतली. मग मी त्याला चिठ्ठी लिहिली. त्याने ती हरवली. मी पुन्हा लिहिली.

गुडघे पोटाशी घेणं आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी मी ढकलत नव्हते. एक गुडघा, जिथवर येईल तिथवर. दादा मध्येच थांबून विचारायचे, "आता आत काय व्हतंय?" मी सांगायचे. चौथ्यांदा तेच सांगताना माझा आवाज चढायचा, आणि मग ते मुकाट्याने पाय खाली ठेवायचे, म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून शांतपणे सांगावं लागायचं. दीड महिन्याने दोन्ही गुडघे पोटाला लागले. त्या दिवशी ते तसेच गुडघे धरून पडून राहिले, आणि मला वाटलं की दुखतंय. विचारलं तर म्हणाले, "न्हाई. बघतुय, काय मोडतंय का."

तीन महिन्यांनी ते स्वतःच मागून एका लहान मशीनवर गेले. तिथे माल कमरेच्या उंचीवर यायचा. दुखणं संपलं नाही. एखादा आठवडा बरा जायचा, एखादा वाईट. पण ते म्हशीची धार काढू लागले, हे मला वहिनींनी मुद्दाम निरोप पाठवून कळवलं.

पुढचा वैताग वेगळाच होता. दादा डॉक्टर झाले. शिफ्ट सुटल्यावर सायकल स्टँडच्या मागे ते इतरांच्या कमरा बघू लागले. बाकावरचे निम्मे लोक मला येऊन सांगायचे, "फटीचं काय न्हाई, दादांनी सांगितलंय." त्यात एक जण असा होता की त्याची चकती खरोखरच सरकून पायाच्या शिरेवर दाब आला होता. त्याला दादांनी गवतावर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावलं. तो दुसऱ्या दिवशी लंगडत आला. मी दादांना बोलावून घेतलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं लोकांना व्यायाम द्यायला?"

"मला उपेग झाला म्हनून..."

"प्रत्येकाची कंबर तुमच्यासारखी नसते."

"समद्यांच्या फटी सारख्याच हायत म्हनला व्हता की तुमीच."

मी आणखी चिडले. शेवटी असं ठरलं की त्यांनी व्यायाम द्यायचे नाहीत, फक्त माणसं माझ्याकडे पाठवायची. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की बाक अपुरा पडू लागला आणि डॉक्टरांनी मला दुसरा बाक मागवून दिला. न मागता त्यांनी मला दिलेली ती पहिली वस्तू.

मी तिथे आणखी चार वर्षं होते. माझ्या लग्नानंतर नोकरी सोडायची ठरली, त्याच्या थोडं आधी दादांच्या पुतण्याचं लग्न होतं. मी त्यांना बजावलं होतं की पंगतीत आणि मांडवात तासन् तास मांडी घालून बसू नका, मधून मधून उठा, चाला. ते हो हो म्हणाले. सोमवारी दारात उभे राहिले, एका बाजूला कललेले, हाताने चौकट धरून.

"किती वेळ बसलात?"

"येक साडेचार तास. व्याह्यांच्या शेजारी बसवलं व्हतं. मधीच उठलो तर त्यास्नी काय वाटंल?"

मी त्यांना आत घेतलं आणि मशीन तापेपर्यंत बोलत राहिले. इतक्या वर्षांत शंभरदा सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. व्याह्यांना काय वाटेल याचा विचार करणाऱ्या माणसाने कमरेला काय वाटेल याचाही करावा, असंही म्हटलं. दादा पालथे पडून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी मान जराशी वळवली.

"झालं का?" ते म्हणाले. "आता काय करायचं त्ये सांगा."